इलेक्ट्रॉनिक गंजरोधक यंत्र: गाडीच्या पत्र्याला उपयोग किती?

नव्या गाडीबरोबर जे जादा सामान सुचवले जाते, त्यात कधीकधी एक लहानशी डबी असते. ती बॉनेटखाली बसवायची, तांबडी तार बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी तार बॉडीच्या एखाद्या स्क्रूला जोडायची, उरलेल्या तारांच्या टोकांना असलेल्या चपट्या पट्ट्या चिकट थराने रंगावर डकवायच्या, की जोडणी झाली. डबीवरचा दिवा लुकलुकू लागला म्हणजे यंत्र चालू झाले असे समजायचे. विक्रेत्याचा दावा असा असतो की हे यंत्र पत्र्यात सतत विजेची सूक्ष्म स्पंदने सोडते, त्यामुळे लोखंडाला इलेक्ट्रॉनांची उणीव भासत नाही, आणि इलेक्ट्रॉन गमावल्याशिवाय लोखंड गंजत नसल्याने गाडी वर्षानुवर्षे गंजमुक्त राहते. निष्कर्ष आधीच सांगतो: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हे यंत्र विकत घेऊ नये. मात्र ते का चालत नाही हे समजून घेण्यासारखे आहे, कारण दाव्याचा अर्धा भाग अगदी खरा आहे आणि ग्राहक फसतो तो त्या खऱ्या भागामुळेच.

लोखंड गंजते तेव्हा त्याचे अणू आपले इलेक्ट्रॉन पत्र्यात मागे ठेवून पाण्यात उतरतात, आणि ते इलेक्ट्रॉन त्याच पत्र्यावर दुसऱ्या जागी पाणी व ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेत खर्ची पडतात. बाहेरून पुरेसे इलेक्ट्रॉन सतत पुरवले तर लोखंडाला स्वतःचे द्यावे लागत नाहीत आणि विरघळणे थांबते. या पद्धतीला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात आणि ती चांगली दोनशे वर्षे जुनी आहे. १८२४ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला मढवलेले तांबे झिजू नये म्हणून त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याची झीज खरोखरच थांबली. पण विरघळणाऱ्या तांब्याचे विष पाण्यात उतरेनासे झाल्यामुळे जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ मनसोक्त चिकटू लागले, आणि वेग मंदावलेली जहाजे नौदलाच्या पसंतीस उतरली नाहीत. पुढे १९२८ मध्ये रॉबर्ट कून यांनी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे जमिनीखालच्या गॅसवाहिनीला बाहेरून वीज देऊन हेच तत्त्व वापरले. आज समुद्रातली जहाजे, तेलाच्या आणि वायूच्या वाहिन्या, बंदरांचे खांब, इतकेच काय, काही पुलांच्या काँक्रीटमधल्या सळ्यादेखील या पद्धतीने जपल्या जातात. तेव्हा विजेने गंज रोखता येतो, याविषयी कोणीही वाद घालण्याचे कारण नाही.

वरच्या सगळ्या उदाहरणांत संरक्षण मिळणारी धातू पाण्यात, ओल्या मातीत किंवा ओलसर काँक्रीटमध्ये बुडालेली आहे, हे मात्र नजरेतून सुटू देऊ नये. विजेचे वर्तुळ पूर्ण व्हायला एका बाजूने धातूची तार लागते आणि दुसऱ्या बाजूने क्षार विरघळलेले पाणी लागते. त्या पाण्यातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, इकडून तिकडे जातात. धन टोकाला जोडलेला तुकडा, म्हणजे ॲनोड, आणि जपायची वस्तू ही दोन्ही एकाच सलग पाण्यात असली तरच प्रवाह वाहतो. जहाजाच्या बाबतीत अख्खा समुद्र हे काम करतो. गाडीभोवती हवा असते आणि हवा वीज वाहून नेत नाही. पाऊस पडून गेल्यावर पत्र्यावर जे पाणी उरते, ते थेंबाथेंबांत आणि पातळ, तुटक थरांत असते. दाराच्या खालच्या कडेत अडकलेला थेंब आपल्यापुरता स्वतंत्र असतो: त्याच्या एका भागाखाली लोखंड विरघळते, दुसऱ्या भागाखाली ऑक्सिजन खर्च होतो, आणि हे वर्तुळ त्या थेंबाच्या आतच पूर्ण होते. बॉनेटखाली डकवलेल्या पट्टीचा त्या थेंबाशी पाण्यावाटे काहीही संबंध येत नाही.

पत्रा नुसता बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून भागत असते, तर हे यंत्र मुळात बनवावेच लागले नसते. आजच्या जवळपास सर्व मोटारींत बॅटरीचे ऋण टोक बॉडीलाच जोडलेले असते, आणि त्या मोटारी तरीही गंजतात. १९६०च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत याच्या उलट जोडणी होती, म्हणजे धन टोक बॉडीला होते; गंजण्याची ख्याती त्यांचीही होती. बॉडीला कोणते टोक जोडले आहे याची त्या थेंबाला गंधवार्ताही नसते.

हा आक्षेप विक्रेत्यांना ठाऊक आहे, म्हणून काही यंत्रे वेगळा खुलासा देतात. चिकटवलेली पट्टी, मधला रंग आणि खालचा पत्रा यांचा मिळून एक कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारी रचना, बनतो, आणि उच्च विद्युतदाबाच्या स्पंदनांमुळे पत्र्याच्या पृष्ठभागावर ऋण भार साठतो, असे सांगितले जाते. कपॅसिटर बनतो हे खरे आहे. तेव्हा त्यात साठते किती, याचा हिशेब कागदावर मांडून पाहू. पट्टी पाच सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद धरली, रंगाचा थर शंभर मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, धरला आणि रंगाचा विद्युत गुणांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) चार मानला, तर धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, साधारण एक नॅनोफॅरड येते. दाब उदारपणे चारशे व्होल्ट धरला तरी साठणारा भार एका कूलंबच्या दहा लाखाव्या भागाच्याही निम्म्याहून कमी भरतो. एवढ्या भाराशी निगडित लोखंडाचे वजन एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचाही दहावा हिस्सा इतके निघते. दुसऱ्या बाजूला, एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे नऊ किलो लोखंड विरघळते, हा फॅरडेच्या नियमाचा, म्हणजे किती वीज वाहिली तर किती धातू विरघळते हे सांगणाऱ्या नियमाचा, सरळ हिशेब आहे; म्हणजे एखाद्या सांध्यात एक मायक्रोअँपिअर इतकाच गंजप्रवाह चालू असला तरी वर्षाला नऊ मिलिग्रॅम लोखंड जाते, आणि पट्टीखाली साठवलेला सगळा भार तेवढा प्रवाह अर्ध्या सेकंदाच्या आत संपवून टाकतो. बरे, हा भार साठतो तो पट्टीच्या बरोबर खाली, जिथे रंग शाबूत आहे आणि वरून पट्टीही चिकटलेली आहे, म्हणजे जिथे गंज लागण्याची शक्यता सर्वांत कमी, तिथे.

याहूनही मूलभूत अडचण अशी की कपॅसिटरमधून एका दिशेचा प्रवाह कायम वाहूच शकत नाही. प्रत्येक स्पंदनात जेवढा भार पुढे सरकतो तेवढाच पुढच्या क्षणी मागे येतो, आणि हिशेबाअंती बेरीज शून्य राहते. गंज रोखायला मात्र एकाच दिशेने, न थांबता पुरवठा लागतो. स्पंदनांची वारंवारता कितीही वाढवली तरी शून्याची बेरीज शून्यच राहणार.

मग प्रदर्शनात दाखवतात तो प्रयोग काय असतो? काचेच्या दोन भांड्यांत मिठाचे पाणी आणि प्रत्येकात एक खिळा. एका भांड्यातल्या खिळ्याला यंत्र जोडलेले असते, दुसऱ्यातल्या खिळ्याला काही नसते. काही दिवसांनी जोडलेला खिळा लख्ख आणि दुसरा तांबूस चिखलात, असे दृश्य दिसते. यात लबाडी असेलच असे नाही. हा प्रयोग कोणीही घरी करू शकतो आणि तो साधतोही. पाहायचे ते एवढेच की पहिल्या भांड्यात खिळ्याखेरीज आणखी एक तार किंवा पत्र्याची पट्टी पाण्यात बुडालेली असते आणि ती यंत्राच्या धन बाजूला जोडलेली असते. तीच ॲनोड, आणि मिठाचे पाणी हे तिला खिळ्याशी जोडणारे माध्यम. ती तार पाण्याबाहेर काढून भांड्याच्या काचेवर बाहेरून चिकटवायला सांगावे, कारण गाडीवर पट्टी अशीच रंगावर बाहेरून चिकटवलेली असते, आणि मग काही दिवस थांबावे. दुसरा खिळा आणि हा खिळा यांत फरक उरत नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालांकडेही याच नजरेने पाहावे लागते. मिठाच्या फवाऱ्याच्या कक्षात, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस तापमानाला पाच टक्के मिठाच्या धुक्यात, रंग ओरखडलेले पत्रे ठेवण्याची चाचणी रंगउद्योगात सर्रास वापरली जाते आणि रंगांची तुलना करायला ती कामाची आहे. तिथे लहानसा पत्रा सतत ओला असतो आणि वरच्या पाण्याचा थर सलग राहू शकतो. अशा वेळी पट्टीची कड किंवा तारेचे उघडे टोक त्याच पाण्यात आले तर थोडाफार प्रवाह वाहू शकतो आणि ओरखड्यावरचा गंज कमी दिसू शकतो. त्यावरून दारांच्या दुमडलेल्या कडा, चार चाकांच्या कमानी आणि पोकळ खांब असलेल्या अख्ख्या गाडीविषयी निष्कर्ष काढता येत नाही. अहवाल हातात आला तर पत्रा केवढा होता, तो पूर्ण ओला होता का, यंत्र न जोडलेला तसाच दुसरा पत्रा शेजारी ठेवला होता का आणि पट्टी ओरखड्यापासून किती दूर होती, हे वाचल्याशिवाय त्याला किंमत देऊ नये.

यंत्र लावलेले ग्राहक मात्र अनेकदा मनापासून समाधानी असतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते. पाच-सहा वर्षे झाली, गाडीला गंज नाही, असे ते सांगतात. पण यंत्र न लावलेल्या त्याच वयाच्या शेजारच्या गाडीलाही गंज नसतो. १९७०च्या दशकातल्या गाड्यांशी तुलना केली तर आजच्या बॉडीचा पत्रा कितीतरी जास्त सुरक्षित आहे. अनेक गाड्यांत पत्र्याला दोन्ही बाजूंनी काही मायक्रॉन जाडीचा जस्ताचा थर असतो, त्यावर फॉस्फेटचा लेप असतो, आणि मग संपूर्ण बॉडी रंगाच्या हौदात बुडवून तिच्यातून शेकडो व्होल्टचा प्रवाह सोडतात, जेणेकरून रंगाचे कण विजेने खेचले जाऊन पोकळ खांबांच्या आतल्या बाजूलाही जाऊन बसतात. हा थर पुढे भट्टीत भाजून पक्का केला जातो. गाडीला विजेने गंजापासून वाचवण्याचे जे खरे काम आहे, ते कारखान्यात, हौदातल्या पाण्यात, गाडी विकत घेण्यापूर्वीच उरकलेले असते. त्याचे श्रेय नंतर लावलेली डबी घेऊन जाते.

जस्ताचा थर चालतो आणि डबी चालत नाही, यामागचे कारणही पाण्याशीच निगडित आहे. रंगावर ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तर जस्त अगदी लागून असते, त्याच थेंबाखाली असते, म्हणून ते स्वतः झिजून शेजारच्या लोखंडाला वाचवते. ही मदत फार तर काही मिलिमीटर रुंदीच्या उघड्या जागेपर्यंत पोहोचते. बॉडीला एका कोपऱ्यात जस्ताचा ठोकळा बोल्टने बसवला तर ती मिळत नाही. बोटीच्या तळाला असे ठोकळे उपयोगी पडतात, गाडीला नाही. कोणी डबीऐवजी ठोकळा विकू लागला तर त्यालाही हेच उत्तर द्यावे.

शासकीय यंत्रणांनी या प्रकाराची दखल घेतली नाही असेही नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या आयोगाने ‘रस्ट एव्हेडर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अशाच यंत्राच्या उत्पादकावर कारवाई केली. यंत्र गाडीचा गंज रोखते हा दावा खोटा असल्याचा आयोगाचा आक्षेप होता, आणि प्रकरण मिटताना तसे दावे करण्यावर बंधने आली. तरीही नावे बदलून आणि परिभाषा थोडी फिरवून तेच तत्त्व बाजारात येत राहिले.

विक्रेत्याचे शेवटचे अस्त्र म्हणजे वॉरंटी. यंत्र निकामी असते तर कंपनीने दहा वर्षांची हमी दिली असती का, हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. हमीपत्र शांतपणे वाचले की त्याची धार जाते. हमी बहुधा फक्त आरपार छिद्र पडण्यापुरती असते, म्हणजे पत्रा आतून कुजून बाहेरपर्यंत पोखरला गेला तरच लागू होते; वरवरचा गंज, दगड उडून पडलेल्या टवक्यांतून पसरलेला गंज, सायलेन्सर, सस्पेन्शन आणि ब्रेकच्या नळ्या या सगळ्या गोष्टी तिच्यातून वगळलेल्या असतात. ठरावीक काळाने अधिकृत ठिकाणी तपासणी करून घेतली नाही तर ती रद्द होते, आणि यंत्र नव्या गाडीलाच लावलेले असावे अशीही अट असते. त्यातच अनेक गाडीउत्पादक आरपार छिद्राविरुद्ध स्वतःहून काही वर्षांची हमी देतच असतात. आजच्या जस्तलेपित बॉडीला तेवढ्या वर्षांत छिद्र पडणे दुर्मीळ असते, त्यामुळे यंत्र काहीही न करता कंपनीचा हिशेब फायद्यात राहतो. ही एक प्रकारची विमा पॉलिसीच आहे, जिच्यात दावा करण्याची वेळच सहसा येत नाही आणि हप्ता मात्र एकरकमी वसूल झालेला असतो.

खऱ्या गंजाची सुरुवात कुठे होते हे पाहिले की पैसे कुठे घालवावेत हेही आपोआप उमगते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेले सांधे, चाकांच्या कमानींची आत वळलेली कड, दारांखालचा पोकळ उंबरठा आणि जॅक लावायच्या जागा ही नेहमीची ठिकाणे आहेत. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके ठेवलेली असतात. पानांचा चुरा आणि माती यांनी ती बुजली की काचेच्या फटीतून उतरलेले पाणी दारातच साचून राहते. गाडी धुतल्यावर दार उघडताना आत पाण्याचा खळखळाट ऐकू आला, तर ती भोके बुजली आहेत असे समजावे आणि एखाद्या प्लास्टिकच्या काडीने ती मोकळी करावीत. तारेने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये, कारण भोकाच्या कडेचा रंग आधीच पातळ असतो. ज्या प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात किंवा जिथे समुद्राची खारी हवा असते, तिथे गाडीच्या खालची बाजू नियमित साध्या पाण्याने धुणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे. कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार हवेतली आर्द्रता शोषून स्वतःच ओले राहतात, म्हणून पाऊस नसतानाही सांध्यांत ओल टिकते. अशी मीठ लागलेली गाडी न धुता उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर गंज मंदावण्याऐवजी वाढतो.

धुण्याच्या खालोखाल पोकळ भागांत मारायचे मेण आणि तेलकट फवारे यांचा क्रम लागतो. लांब नळीच्या टोकाने उंबरठ्याच्या आणि दारांच्या आत मेणाचा फवारा मारला की ते सांध्यांत झिरपते आणि पाणी व ऑक्सिजन दोन्ही अडवते. तेलकट फवारे धुऊन जातात, म्हणून ते दरवर्षी पुन्हा मारावे लागतात, आणि रबरी भागांवर काही तेलांचा वाईट परिणाम होतो, तेव्हा डबा घेण्यापूर्वी त्यावरच्या सूचना वाचाव्यात. डांबरी किंवा रबरी जाड कोटिंगविषयी मी साशंक आहे: नवीन असताना ते भक्कम दिसते, पण कालांतराने कडक होऊन तडकते, तड्यांतून पाणी आत शिरते आणि कोटिंगखाली काय चालले आहे ते पत्रा कुजेपर्यंत दिसत नाही. आधीच गंजलेल्या पत्र्यावर ते थापणे तर सर्वांत वाईट. रंगाचे टवके उडाले असतील तर जस्ताचा थरही गेला आहे असे धरून तेवढी जागा साफ करून प्रायमर आणि टचअप रंग लावावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याचा गुण येतो.

यंत्र आधीच बसवलेले असेल आणि पैसे परत मिळत नसतील, तर दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली म्हणजे ते बॅटरीतून किती वीज ओढते. वीस मिलिअँपिअर हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण गाडी महिनाभर उभी राहिली तर तेवढ्यानेच चौदा अँपिअर-तासांहून अधिक खर्च होतात, आणि पंचेचाळीस अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तो जवळपास तिसरा हिस्सा आहे. गाडी फारशी वापरात नसेल तर यंत्राचा फ्यूज काढून ठेवलेला बरा. दुसरी गोष्ट म्हणजे काळ्या तारेचा स्क्रू. चांगला संपर्क मिळावा म्हणून बसवणाऱ्याने बहुधा तिथला रंग खरवडलेला असतो आणि कधीकधी पत्र्याला नवीन भोकही पाडलेले असते. यंत्र काढताना पट्ट्यांचा चिकट थर हेअर ड्रायरने हलका गरम करून सोडवावा म्हणजे खालचा रंग उचकटत नाही, आणि स्क्रूचे भोक कोरडे करून, प्रायमर व रंग लावून, वरून मेणाने बंद करावे.